बॉलवरची नजर काढायला शीक

प्रश्न : मी कोल्हापुरात बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) करते. स्वतः फुटबॉल खेळले आहे. सध्या 14 वर्षांखालील मुलींच्या सरावात सरांना मदत करते. मॅच झाली की सर विचारतात, ‘काय दिसलं?’ मला गोल आणि ढोबळ चुका सोडून काही आठवत नाही. प्रशिक्षकाची नजर उपजतच लागते का? मी सरळ शाळेतली नोकरी बघू का?

उत्तर : एवढ्यावरून मैदान सोडू नकोस. पाहिलेली मॅच आठवणं सगळ्यांनाच जड जातं. फ्रँक्स आणि मिलर या संशोधकांनी 1986 मध्ये हे तपासलं, तेव्हा मॅच पाहणाऱ्यांना महत्त्वाच्या घटनांपैकी निम्म्याही नीट सांगता आल्या नव्हत्या.

शाहू स्टेडियमवर पेठांच्या मॅच बघत वाढलेल्या आपल्या लोकांची नजर बॉलमागे पळते. प्रेक्षकाचं त्यात काही चुकत नाही. प्रशिक्षकाला मात्र आज काय बघायचं ते आधी ठरवावं लागतं, आणि त्यावरून कुठं उभं राहायचं तेही.

तुझ्याच मुलींचं घे. हेड मारून खाली येताना कुणाचे गुडघे आत वळतात का? हे टचलाइनवरून, बाजूनं कळत नाही. समोर उभं राहावं लागतं. आणि हे बघच. वाढीच्या वयात मुलींना गुडघ्याचं लिगामेंट फाटण्याचा धोका मुलांपेक्षा जास्त असतो, आणि असं उतरणं हे त्याचं एक कारण आहे. वेळेवर दिसलं तर उतरण्याची पद्धत सरावानं बदलता येते. एखाद्या मुलीचा पास सारखा उंच जातोय? बॉल कुठं गेला ते सोड. टेकवलेला पाय बॉलच्या मागेच राहतो का, अंग मागं झुकतं का, ते बघ. बॅकमधल्या मुलींमधलं अंतर बघायचं असेल तर गॅलरीत वर चढ.

एका हाफमध्ये एकच प्रश्न पुरे. सरावात चूक दिसली की लगेच शिट्टी वाजवायची घाई करू नकोस. चार-पाच वेळा तेच होतंय का बघ, मग बोल.

वहीत लिहिताना ‘आळशीपणा करते’ असं लिहू नकोस. तो तुझा निष्कर्ष झाला. ‘बॉल गेल्यावर जागेवर थांबली, तीन वेळा’ असं लिही. कदाचित ती दमलेली असेल, कदाचित परत कुठं यायचं हे तिला कुणी सांगितलंच नसेल. मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण चुकीचा शिक्का बसलेली पोरगी खेळ सोडून जाते.

पालकांची परवानगी घेऊन मोबाइलवर शूटिंग कर, पण आधी आठवणीतून लिही आणि नंतर पडताळून बघ. आपलं काय निसटतं ते त्यातूनच कळतं. जमलं तर एखाद्या तालमीत सकाळी बस. पोरं लढत असताना वस्ताद कुठं बघतात, ते त्यांनाच विचार.

कोर्सचं म्हणशील, तर फुटबॉलमध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचं प्रशिक्षकांसाठीचं डी लायसन्स ही सुरुवातीच्या पायऱ्यांपैकी एक आहे. पटियालाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षकांसाठी डिप्लोमा आणि सहा आठवड्यांचा कोर्सही असतो. पात्रतेच्या अटी त्या-त्या वर्षीच्या सूचनेत बघ. शाळेतली नोकरी मिळाली तर जरूर घे, तिथंही मैदान असतंच. पण बी.पी.एड. संपायची वाट न बघता, येत्या मॅचला काय बघायचं ते सरांशी आदल्या दिवशीच बोलून ठरव.