काउबॉयपटांची ओढ आणि मागे राहिलेले छंद

प्रिय पोरी,

शाळेत असताना पाहिलेल्या काउबॉयपटांची हल्ली सारखी आठवण येते, माउथ ऑर्गन आणि अर्धवट जोडलेली विमानं पुन्हा काढावीशी वाटतात, आणि नोकरीत जेमतेम जम बसत असताना असं मागे मागे ओढलं जाणं बरं की वाईट, असं तू विचारलं आहेस. वाईट काही नाही. पण नुसती हळहळत बसलीस तर आठवण दर खेपेला जरा जास्त गोड होत जाईल आणि चालू दिवस तितकाच बेचव. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी त्या सिनेमांबद्दल. तुला ज्यांची हुरहुर लागते ते सिनेमे मुळात हुरहुरीवरच उभे आहेत. टेक्सासमधून कॅन्ससच्या रेल्वे स्टेशनांपर्यंत हजारो गुरं हाकत न्यायची, हा काउबॉयचा खरा धंदा. यादवी युद्ध संपल्यावर, १८६६ च्या सुमारास त्याला जोर चढला आणि वीसेक वर्षांत तो आटोपलासुद्धा. १८७४ मध्ये जोसेफ ग्लिडन नावाच्या शेतकऱ्याला काटेरी तारेचं पेटंट मिळालं आणि मोकळ्या माळरानांवर कुंपणं पडू लागली. रेल्वेचे फाटे गुरांच्या दारापर्यंत पोचले. त्यात १८८६-८७ चा हिवाळा इतका भयंकर गेला की उत्तरेकडे कळपच्या कळप बर्फात मेले. आणि १८९० च्या जनगणनेच्या आधारे अमेरिकन सरकारनेच जाहीर करून टाकलं की वस्ती आणि रान यांच्यातली सलग रेघ आता नकाशावर दाखवता येत नाही.

सुरुवातीच्या काउबॉयपटांपैकी एक, एडविन पोर्टरचा 'द ग्रेट ट्रेन रॉबरी', आला तो १९०३ मध्ये. लांबी बारा मिनिटांच्या आसपास, आणि चित्रीकरण बरंचसं न्यू जर्सीत, म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाला! रेल्वे लुटणाऱ्या टोळ्यांच्या बातम्या तेव्हा अजून शिळ्या झालेल्या नव्हत्या, पण गुरांचे तांडे हाकणारा घोडेस्वार मात्र केव्हाच मागे पडला होता. त्या काळचा नामांकित बंदूकधारी मार्शल (म्हणजे पोलीस अधिकारी) वायट अर्प, त्याचंच बघ. २६ ऑक्टोबर १८८१ रोजी टूम्बस्टोन गावात जी प्रसिद्ध चकमक झाली ती अर्ध्या मिनिटात संपली. तिच्यातून सुखरूप सुटलेला हा माणूस पुढे १९२९ पर्यंत जगला, आणि वारला तो लॉस एंजेलिसमध्ये, हॉलिवूडच्या अगदी उशाशी. ज्या काळाचे गोडवे गायचे तो काळ पाहिलेली माणसं स्टुडिओच्या आसपास हिंडत होती आणि पडद्यावर त्या काळाची दंतकथा तयार होत होती.

सांगायचं ते असं, की तू ज्या जगासाठी झुरतेस ते कुणीतरी मोठ्या कसबाने बांधलेलं जग आहे. मला त्यामुळे ते खोटं वाटत नाही, उलट बघायला जास्त मजा येते. तेव्हा आता सिनेमे पुन्हा बघशील ते बांधणीकडे लक्ष ठेवून बघ. सगळे एका दमात बघत सुटू नकोस. तसं केलंस तर आठवड्याभरात कंटाळशील आणि वाटेल की आपलं प्रेमच आटलं.

सर्जिओ लिओनीच्या 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' (१९६८) ची सुरुवात तुला नक्की आठवत असेल. तीन माणसं एका ओसाड स्टेशनवर गाडीची वाट बघतायत. लहानपणी तू तो भाग पुढे ढकलला असशील, सगळेच ढकलतात. आता तेवढाच भाग एकदा डोळे मिटून ऐक. पवनचक्कीचं कुरकुरणं. टाकीतून टपटपणारं पाणी, ते एकाच्या हॅटवर पडतंय, तो सरकत नाही आणि शेवटी हॅटच्या काठात साचलेलं पाणी पिऊन टाकतो. एक जण बोटं मोडतोय. तिसऱ्याच्या दाढीवर माशी बसली आहे. तो तिला फुंकर मारतो, मग पिस्तुलाच्या नळीत कोंडतो आणि आतली गुणगुण कानाला लावून ऐकत बसतो. संवाद जवळपास नाहीत, पार्श्वसंगीत नाही. संगीतकार कोण, तर एन्निओ मोरिकोने! त्या माणसाने या चित्रपटाच्या मुख्य धुना चित्रीकरणाच्या आधीच रचून ठेवल्या होत्या, सेटवर त्या वाजवल्या जात आणि नट त्या तालावर चालत. एवढं संगीत हाताशी असताना सुरुवात मात्र नुसत्या आवाजांवर सोडली. मग गाडी येते, जाते, आणि रुळांच्या पलीकडून माउथ ऑर्गन वाजतो. इतकी मिनिटं कान उपाशी ठेवल्यावर ते सूर कसे घुसतात ते तू स्वतःच बघ. ते फ्रांको दे जेमिनी या वादकाने वाजवले आहेत. चार्ल्स ब्रॉन्सन पडद्यावर फक्त धरून आहे, पण काय धरून आहे!

एक गोष्ट टोचेल, आणि ती टोचू दे. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांना या सिनेमांनी बहुतेक वेळा टेकडीवर उगवणारी धमकी म्हणून वापरलं. दिग्दर्शक जॉन फोर्डने ज्या मॉन्युमेंट व्हॅलीला जगभर प्रसिद्धी दिली ती नवाहो लोकांची भूमी, आणि त्याच्या चित्रपटांत हे नवाहोच गरजेप्रमाणे कधी अपाची तर कधी कोमान्ची म्हणून उभे केले गेले. खऱ्या काउबॉयांमध्ये कृष्णवर्णीय माणसं पुष्कळ होती, इतिहासकार साधारण चौथा हिस्सा धरतात. आणि घोड्यावरून गुरं राखायची सगळी विद्या तर मेक्सिकन गुराख्यांकडून आलेली. पडद्यावर यातलं किती दिसलं? म्हणून काही लोक आता हे सिनेमे बघूच नयेत म्हणतात. मला ते पटत नाही, आणि 'तेव्हाचा काळच तसा होता' म्हणून झटकून टाकणंही पटत नाही. फोर्डचाच १९५६ चा 'द सर्चर्स' काढ. नायक द्वेषाने इतका पोखरलेला आहे की आपण त्याच्या बाजूचे आहोत की नाही हेच कळेनासं होतं, आणि तरी त्याच चित्रपटात टोचणाऱ्या जागा आहेतच. लहानपणी तुला त्यात फक्त घोडे दिसले असतील.

आता छंद. इथे माझं मत जरा कडक आहे. जुन्या दिवसांची आठवण आली की माणूस हल्ली पहिल्यांदा खरेदी करतो. जुनी पोस्टरं, आवृत्तीमागून आवृत्ती, कधी न उघडायची खोकी. तो संग्रह झाला, छंद नव्हे. संग्रहाला माझा विरोध नाही. पोस्टाची तिकिटं जमवणारा माणूस भिंगाखाली कागद, दाते, जलचिन्ह तपासत तासन् तास घालवतो, ते कामच आहे. पण तुझ्या पत्रात तुला कशाची आठवण येते? हात गुंतलेले असण्याची. मग हातांना काम दे.

लिओनीच्याच 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' मधली ती गोल स्मशानभूमी आठवते ना? ती स्पेनमध्ये, बुर्गोस प्रांतात आहे. १९६६ मध्ये स्पॅनिश सैनिकांना लावून पाच हजारांहून जास्त खोट्या कबरी तिथे रचल्या. (याच चित्रपटातला पूल कॅमेरे सुरू व्हायच्या आतच चुकून उडवला गेला आणि सैनिकांनी तो परत बांधून दिला, म्हणजे ती फौज सिनेमासाठी बरीच राबली आहे.) चित्रीकरण संपलं, मंडळी निघून गेली, गवत वाढलं, मधल्या दगडी वर्तुळावर मातीचा थर चढला. जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०१५ पासून, आसपासच्या आणि दूरदूरच्या चाहत्यांनी सुटीच्या दिवशी कुदळी-फावडी घेऊन ते वर्तुळ उकरून काढायला सुरुवात केली. खर्चासाठी युक्तीही झकास: थोडे पैसे भरा, एका कबरीवर तुमचं नाव. जिथे कधी कुणी पुरलंच गेलं नाही अशी स्मशानभूमी ही माणसं घाम गाळून साफ करत होती! बाहेरच्याला हा वेडेपणा वाटेल. मला विचारशील तर ओढ लागलेल्या माणसांनी करावं असं याहून चांगलं काही मला ठाऊक नाही. त्यांनी फक्त हळहळ लिहून काढली असती तर तिथे आजही गवतच असतं.

तू माउथ ऑर्गनपासून सुरुवात कर. जुना वाजत नसेल तर दहा छिद्रांचा साधा घे, पांढरी एक म्हणजे सी पट्टीचा. चौथ्या छिद्रात फुंकलंस की सा, श्वास ओढलास की रे. पाचव्यात ग आणि म. सहाव्यात प आणि ध. इथवर हात बसलेला असतो, आणि सातव्यात सगळे जण घसरतात, कारण तिथे क्रम उलटतो: ओढल्यावर नी आणि फुंकल्यावर वरचा सा. तू सोडून दिलास तेव्हा बहुधा तिथेच अडली असशील. सहा-सात, सहा-सात एवढंच रोज थोडा वेळ कर, धून वाजवायची घाई नको. आणि खालच्या छिद्रांवर श्वास ओढताना सूर चिरकला तर जोर लावू नकोस. जीभ खाली सैल ठेवून श्वास हलकेच ओढ, सूर सापडेल. ओढलेला सूर जरा खाली वाकवणं, ज्याने सुराला उदासी येते, ते यानंतर. त्याला महिने लागतात.

विमानांच्या किटचं एवढंच सांगतो की शाळेत आपण भाग चौकटीतून पिळून तोडायचो, तसं करू नकोस. कटरने भागापासून जरा लांब काप आणि उरलेला खुंट बारीक पॉलिश पेपरने घास, म्हणजे प्लॅस्टिकवर पांढरा डाग उठत नाही. पातळ गोंद असेल तर दोन भाग आधी जुळवून धर आणि ब्रशचं टोक फक्त फटीला लाव, तो आपोआप आत पसरतो. एका बैठकीत एवढंच झालं तरी पुष्कळ.

आठवड्यातली एक संध्याकाळ पक्की ठेव, जास्त नको. कुणी म्हणेल याचे व्हिडिओ टाक, चार पैसे मिळतील. मिळतीलही. पण तू नोकरीत दिवसभर दुसऱ्याच्या मुदती पाळतेस. ही संध्याकाळ तरी कुणाला दाखवायची नसू दे, निदान वर्षभर. घरच्यांना जबरदस्तीने सिनेमा बघायला बसवू नकोस. ते मधेच फोन बघतील आणि तुझा विरस होईल.

आणखी एक जोडी सांगतो. १९५२ चा 'हाय नून': गॅरी कूपरचा मार्शल दुपारच्या गाडीने येणाऱ्या गुंडाशी आणि त्याच्या साथीदारांशी लढायला गावभर मदत मागत फिरतो आणि एकही जण येत नाही. चित्रपटातली वेळ जवळपास आपल्या घड्याळाबरोबरच पुढे सरकते, घड्याळं सारखी दिसत राहतात. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सला आणि नट जॉन वेनला हे बिलकूल रुचलं नाही. कसबी मार्शलने गावकऱ्यांपुढे हात पसरावेतच का, असा हॉक्सचा सवाल. मग १९५९ मध्ये दोघांनी 'रिओ ब्राव्हो' काढून उत्तर दिलं. तिथे शेरीफ मदत मागत नाही, कुणी देऊ केली तर तो माणूस कामाचा आहे का हे आधी बघतो, आणि तरी त्याच्याभोवती माणसं जमतात: एक दारुडा, एक लंगडा म्हातारा, एक पोरगा. दोन्ही लागोपाठच्या आठवड्यांत बघ. ऑफिसात मदत कधी मागावी यावरून आपण मागे वाद घातला होता, त्याला तुला नवा दारूगोळा मिळेल. कुणाची बाजू पटली ते लिही. मी कुणाच्या बाजूचा आहे ते तोवर सांगणार नाही.

तुझा,
काका