मात्रेची वेलांटी झाली की दोन हायड्रोजन गेले

प्रश्न असा आलाय की मुलीच्या दहावीच्या पुस्तकात 'असंपृक्त हायड्रोकार्बन' (हायड्रोकार्बन म्हणजे नुसत्या कार्बन-हायड्रोजनचं संयुग) छापलंय आणि मोबाईलवरचे हिंदी सर 'असंतृप्त' म्हणतात, तर बरोबर काय, आणि इथेन-इथीन-इथाइन हे लक्षात ठेवायचं कसं.

पहिलं लगेच मिटतंय. असंतृप्त हिंदी पुस्तकातलं, असंपृक्त आपलं. चहात साखर घालत गेलं की एका वेळेला ती विरघळायची थांबते आणि तळाला बसते, त्याला संपृक्त द्रावण म्हणतो, तोच शब्द इकडं उचललाय. खरं सांगायचं तर मला असंतृप्तच जास्त पटतो, कारण ह्या कार्बनचं पोट भरलेलं नसतंय, दुहेरी नाहीतर तिहेरी बंध सोडून तो अजून हायड्रोजन घेऊ शकतो, तेलाचं वनस्पती तूप तसंच करतात. संपृक्तचा मूळ अर्थ नुसता जोडलेला, कालिदासाचं 'वागर्थाविव सम्पृक्तौ' आठवा. पण पेपरात असंपृक्तच लिहायचं, मार्क तिथं आहेत.

आता नावं. 'इथ' म्हणजे दोन कार्बन, 'प्रोप' तीन, 'ब्युट' चार, पुढचं शेपूट बंध सांगतं. १८६६ साली हॉफमन नावाच्या जर्मन केमिस्टनं इंग्रजीतले स्वर ओळीनं घेऊन ही शेपटं सुचवली होती, ए, ई, आय. (तिहेरीचं स्पेलिंग नंतर आयचं वाय झालं, उच्चार तोच.) गंमत बघा, ह्या अक्षरांची नावंच आपल्या देवनागरीत उतरलीत, इथ-एन (एकेरी बंध), इथ-ईन (दुहेरी), इथ-आइन (तिहेरी). इथेनमध्ये हायड्रोजन ६, इथीनमध्ये ४, इथाइनमध्ये २. माझ्या पुतणीनं चाचणीत रचना दुहेरी बंधाची काढली आणि खाली नाव लिहिलं इथेन, एका वेलांटीपायी मार्क गेला, आणि बाईंचं काही चुकलं नाही.

घोळ होतो तो जुन्या नावांनी. आमच्या सांगलीत फळांच्या धंद्यातल्या माणसाला विचारा, चेंबरमध्ये केळी पिकवायला सोडतात ते इथिलीन, आणि बंदी असलेल्या कार्बाइडच्या पुडीला ओल लागली की सुटतं ते ॲसिटिलीन, वेल्डिंगवाल्याच्या सिलिंडरमधलंच. दोन्हींच्या शेवटी 'लीन', ऐकायला सख्खी भावंडं, पण इथिलीन म्हणजे इथीन आणि ॲसिटिलीन म्हणजे इथाइन, म्हणजे ह्या दुसऱ्याच्या वेलांटीवर अजिबात विश्वास ठेवायचा नाही.

चार कार्बन झाले की बंध कितव्या कार्बनपासून ते सांगायला आकडा पण लागतो, ब्युट-१-ईन, ब्युट-२-ईन, दुहेरी बंध ज्या टोकाला जवळ तिकडून मोजायचं. आणि अल्कीनच्या, म्हणजे दुहेरी बंधवाल्यांच्या, यादीत मिथीन शोधत बसू नका, कार्बनच एक, दुहेरी बंध करणार कुणाबरोबर?