लंडनहून मुंबईला रात्रीच्या विमानाने परतताना बिझनेस क्लासचा खरोखर उपयोग होतो का?

होतो, पण तो शॅम्पेनचा नव्हे, तर आडवे होऊन झोपता येण्याचा. कंपनी एकाच बाजूचे भाडे देणार असेल, तर ही सोय परतीच्या रात्रीसाठीच मागावी. दिवसाच्या विमानात साध्या वर्गानेही भागते.

हीथ्रो ते मुंबई हा प्रवास साधारण ९ तासांचा असतो आणि उन्हाळ्यात तेथील घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, म्हणजे रात्री ९ वाजता विमान सुटते तेव्हा मुंबईत मध्यरात्र उलटून दीड वाजलेला असतो. त्यात उड्डाणानंतर जेवणाचा सोहळा तासभर तरी चालतो आणि उतरण्याच्या बरेच आधी नाश्त्यासाठी दिवे लागतात, त्यामुळे मधली झोप जेमतेम पाच तासांची उरते. म्हणून जेवण लाउंजमध्येच उरकावे आणि नाश्त्यासाठी उठवू नये, असे कर्मचाऱ्यांना आधीच सांगून ठेवावे. पट्टा पांघरुणावरून दिसेल असा बांधावा. तो आत झाकलेला असला, तर हादरे बसू लागताच तपासणीसाठी तुम्हाला हमखास जागे केले जाते. केबिनमधील हवा कोरडी असते, तेव्हा मद्य टाळून पाणी हाताशी ठेवलेले बरे.

तिकीट काढण्यापूर्वी आसनांचा नकाशा मात्र अवश्य पाहावा, कारण काही जुन्या विमानांत आसने जोडीने असतात आणि खिडकीकडच्या प्रवाशाला झोपलेल्या शेजाऱ्याचे पाय ओलांडूनच स्वच्छतागृह गाठावे लागते.