गावाकडच्या पडक्या माळवदाच्या घरात लोकांना सुंदर ते काय दिसते? पाडावे की ठेवावे?

तुम्ही लिहिले आहे की निलंगा तालुक्यातले आजोबांचे माळवदाचे, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचे सपाट छत असलेले घर बारा वर्षांपासून बंद आहे, भावंडांना ते पाडून स्लॅबचे घर बांधायचे आहे, आणि जुन्या घराच्या सौंदर्याबद्दल भरभरून बोलणाऱ्यांना नेमके काय दिसते हे तुम्हाला कळत नाही. तुम्हाला तिथे ओल, वाळवी आणि विंचूच दिसले. मी शेजारच्या औसा तालुक्यातला आहे. हाच प्रश्न आमच्या घरात जवळजवळ तीस वर्षे भांडणाचा विषय होता, त्यामुळे उत्तर लांबेल.

माझे मत आधीच सांगतो. तुम्हाला पडझड दिसली, कारण तुम्ही ते घर दिवाळीच्या सुटीत आणि खालून पाहिले. माळवदाचे घर वैशाखात, शिडी लावून, वर चढून पाहायचे असते. जो माळवदावर कधी चढला नाही, त्याने ते पाडण्याचा निर्णय घेऊ नये.

आमच्या दिंडी दरवाजाच्या पट्टीवर ‘सन 1343 फसली’ असे कोरलेले आहे. निजामाच्या राज्यात फसली सन चालत असे. त्यात 590 मिळवले की इसवी सन 1933 येते. आत ढाळज (दरवाजालगतची बैठकीची जागा), मग चौक, चौकाच्या पलीकडे सहा खणांचा (खांबांमधल्या गाळ्यांचा) सोपा, म्हणजे ओसरी, आणि सोप्याच्या मागच्या भिंतीत ज्वारी साठवायचे बळद. सोप्याच्या तिसऱ्या खणात माळवदाला साणे आहे, धूर जायला आणि उजेड यायला ठेवलेले, हातभर लांबीरुंदीचे. थंडीच्या दिवसांत त्यातून पडणारा कवडसा सकाळी खांबाच्या तळखड्यापाशी असे आणि तिथून सरकत जात्याच्या पाळूला टेकला की आजी भाकरी फडक्यात बांधायला घेई, कारण शेतात न्याहारी पोहोचवण्याची वेळ तीच होती. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर चढतो आणि कवडसा जात्यापर्यंत पोहोचतच नाही, म्हणून चैत्रानंतर तिची खूण उखळाची असे. सोप्यात बापूंच्या (वडिलांच्या) लग्नात आलेले भिंतीवरचे घड्याळ होते. आजीने त्याच्याकडे कधी मान वर करून पाहिले नाही. पावसाचा थेंब पडला की आम्हा भावंडांपैकी एकाने धावत वर जायचे आणि साण्यावर फुटके घमेले उपडे घालायचे. त्या घमेल्यावर वाजणारा पाऊस हा माझ्या लेखी पावसाचा खरा आवाज आहे. तुम्ही सौंदर्य विचारले होते, म्हणून हे सांगितले. ते भिंतीत किंवा कोरीवकामात शोधू नका, आमच्या घराला कोरीवकाम जवळजवळ नाही.

आता भांडणाचे सांगतो. 30 सप्टेंबर 1993 ला, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी औरंगाबादला वसतिगृहात होतो. दादा घरी होता. आमचे गाव पूर्णपणे उठवून दुसरीकडे वसवलेल्या 52 गावांपैकी नव्हते, पण स्वयंपाकघराची मागची भिंत बाहेरच्या अंगाला ढासळली आणि तिच्यालगत झोपलेल्या आजीच्या पायावर दगड आले. एकोणीस वर्षांच्या दादाने अंधारात हाताने दगड उपसून तिला चौकात आणले. आजी त्यानंतर काठीवाचून चालली नाही, आणि दादा त्यानंतर एकही रात्र माळवदाखाली झोपला नाही. पुढची दोन वर्षे सगळे गाव पत्र्याच्या शेडमध्ये राहिले. ज्यांच्या घराला तडासुद्धा गेला नव्हता, त्यांनीही माळवदे उतरवली आणि सागवानी तुळया मिळेल त्या भावाने विकल्या. सुमारे आठ हजार माणसे एका पहाटेत गेली होती, त्यामुळे त्या भीतीला नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाच नाही.

मी मात्र नावे ठेवली. वाटणीत दादाने त्याच्या बाजूचे चार खण उतरवले, तेव्हा मी त्याला भित्रा म्हणालो आणि घर विकून खाणारा म्हणालो. त्याने एकच उत्तर दिले: “तू हुतास का त्या राती?” त्यापुढे मला बोलता आले नाही, आणि तेच उत्तर तो पुढे प्रत्येक वेळी देत राहिला.

2016 च्या एप्रिलमध्ये, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होते त्या महिन्यात, बापूंचा फोन आला की उरलेल्या घराच्या खांबांना लाकडाचा व्यापारी टेप लावून गेला आहे आणि दादाचे म्हणणे आहे की या पावसाळ्यात ते तसेही पडेल, तर आजच पैसे करावेत. मी रजा टाकून गेलो. मी इतकी वर्षे शहरात बसून घराच्या बाजूने भांडलो होतो, आणि त्या इतक्या वर्षांत माळवदावर एक पाटी मातीही टाकली नव्हती, हे मला शिडीच्या शेवटच्या पायरीवर कळले. वर गुडघाभर वाळलेले गवत होते, हराळीची मुळे आत उतरली होती, पावसाचे पाणी बाहेर टाकणाऱ्या दोन पन्हाळी बुजल्या होत्या आणि त्यांच्यामागे पाणी साचून खळगे पडले होते. पाणी तिथूनच मुरत होते. घर म्हातारे झाले म्हणून गळत नव्हते, वर कोणी जात नव्हते म्हणून गळत होते.

गावातले एक म्हातारे गवंडीमामा, ज्यांनी आयुष्यभर माळवदे घातली, ते बरोबर आले. आम्ही गवत काढले आणि खोदायला लागलो, तेव्हा दादाच्या भीतीतले खरे मला प्रथम दिसले. माती दोन फुटांपेक्षा जास्त जाड होती आणि तिच्यात कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर होते, दोन-दोन, तीन-तीन बोटांचे. आमच्या वाडवडिलांनी दरवर्षी मृगाच्या आधी नवी माती टाकली होती आणि जुनी कधीच काढली नव्हती. दहा बाय दहा फुटांच्या खोलीवर दोन फूट माती म्हणजे 200 घनफूट, वजनात साधारण नऊ टन. ते ओझे पावसात भिजले की आणखी वाढते. ही गोष्ट मी भांडणात कधी मोजलीच नव्हती.

पण दुसरीही गोष्ट दिसली, आणि तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिच्यात आहे. स्वयंपाकघराची भिंत पडली, तिथले माळवद पडले नव्हते. तुळया सागवानी खांबांवर होत्या, भिंतीवर नव्हत्या. भिंत गेली तरी खणांचा सांगाडा उभा राहिला. भूकंपात जी घरे माणसांवर बसली, त्यांत भिंतीवरच माळवदाचे ओझे टेकलेली बरीच होती. शिवाय आपल्याकडची दगडी भिंत दोन पदरी असते, मध्ये मातीदगडांची भर आणि दोन पदरांना बांधणारा आडवा लांब दगड क्वचितच घातलेला. हादरा बसला की दोन्ही पदर एकमेकांपासून फुटतात. आजीच्या पायावर बाहेरचा पदर आला नव्हता, आतला आला होता. माळवदाने तिला मारले असते, पण खांबांनी ते धरून ठेवले. हे दादाला समोर बसवून सांगण्याची माझी हिंमत अजून झालेली नाही, म्हणून इथे लिहून ठेवत आहे.

आम्ही दीड फूट माती उतरवली. काही किलचने (तुळयांवर आडवी टाकलेली लहान लाकडे) वाळवीने पोकळ झाली होती, ती बदलली, वर कडुनिंबाचा पाला अंथरला. नवी माती गावाच्या जुन्या पांढरीतली आणली. काळी माती या कामाला चालत नाही, ती भिजली की फुगते आणि उन्हात हात जाईल एवढ्या भेगा देते. पांढरी, त्यातही खारवट माती बसते आणि पाणी आत जाऊ देत नाही. पांढर म्हणजे पूर्वी वस्ती असलेली, राखेची आणि पडलेल्या भिंतींची माती. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या पांढरीत सातवाहनकाळाच्या वस्तू निघाल्या आणि तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या संग्रहातून संग्रहालय उभे राहिले, हे तुम्हाला माहीत असेल. आमच्या ट्रॉलीत तसे काही मोठे निघाले नाही. ढेकूळ फोडताना मला निळ्या काचेच्या बांगडीचा तुकडा सापडला, नखाएवढा, एका बाजूने अजून गुळगुळीत. मामांनी तो हातात घेऊन पाहिला आणि मातीत परत टाकला. “व्हती तिथंच ऱ्हाऊ द्या,” म्हणाले. आमच्या डोक्यावरचे छत आमच्या आधीच्या गावाचे आहे, हे त्या क्षणी मला समजले, आणि तो तुकडा आजही वर आहे.

माती भिजवून चोपायची असते. त्या उन्हाळ्यात टँकरला चार-चार दिवस लागत होते. मी दोन घागरी वर नेल्या, तर माय ढाळजेतून ओरडली, “माणसाला प्यायला पानी न्हाई आन् तुमी मातीला पाजायलाव का?” तिचे बरोबर होते. मामांनी कोरडीच माती पन्हाळीकडे उतार देऊन पसरायला लावली आणि आम्ही मृगाची वाट पाहिली. पहिला पाऊस झाला त्या रात्री मी शहरात होतो. सकाळची पहिली गाडी पकडून गेलो, तोपर्यंत मामा आणि पंच्याहत्तर वर्षांचे बापू धुम्मस घेऊन वर पोहोचले होते. दिवसभर चोपले. त्याच सप्टेंबरात मराठवाड्यात असा पाऊस झाला की कोरडे पडलेले मांजरा धरण भरले, आणि आमचे माळवद एका कोपऱ्यात, जिथे आम्ही कंटाळून कमी चोपले होते, तेवढेच गळले.

तर पाडावे की ठेवावे? आधी वर चढा. मग आत येऊन तुळई कशावर टेकली आहे ते पाहा. खांबावर असेल आणि खांबाचा बुंधा ठोकल्यावर भरीव वाजत असेल, तर पाडणे हा निव्वळ आळस आहे, आणि तुमच्या भावंडांना माझ्या वतीने तसे सांगा. ‘घर पडायला आले’ असे म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी आता विचारतो की शेवटची माती कोणी आणि कधी टाकली. स्लॅबच्या घराबद्दल माझा राग नाही, पण मेच्या दुपारी दादाच्या स्लॅबखालची माणसे उशी घेऊन आमच्या सोप्यात येतात, हे मी दरवर्षी पाहतो. ‘वाडा संस्कृती’ म्हणून दरवाजा काढून शहरातल्या हॉटेलला विकणाऱ्यांशी मात्र माझे अजिबात जमत नाही.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. तुळई सरळ भिंतीवर टेकलेली असेल, तर तिच्याखाली एकही रात्र झोपू नका. आधी मातीचे ओझे उतरवा आणि भूकंपानंतरच्या बळकटीकरणाची कामे ज्याने केली आहेत अशा अभियंत्याला दाखवा. तो ‘पाडा’ म्हणाला तर पाडा, माझ्या भावनांवर जाऊ नका. मातीसाठी संरक्षित टेकाडाला हात लावू नका, आणि बाकी पांढरीलाही ग्रामपंचायतीला विचारल्याशिवाय नाही. आमच्यासारखी माणसे ट्रॉली भरत गेली म्हणूनच पुष्कळ गावांच्या पांढरी संपल्या. घराच्या नमुना 8 वर (ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदीवर) अजून आजोबांचेच नाव असेल, तर दुरुस्ती असो वा पाडणे, सगळ्या वारसांच्या सह्या झाल्याशिवाय कुदळ लावू नका. स्वामित्व योजनेत 2020 पासून गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन मालमत्ता पत्रके मिळू लागली आहेत. तुमच्या गावची मोजणी झाली असेल तर ते पत्रक काढून घ्या. बारा वर्षे बंद असलेले दार उघडताना बूट घाला आणि बळदात हात घालू नका.

एक गोष्ट राहिली. गेल्या वेळअमावस्येला शेतात आंबील पिऊन सगळे गावात परतले, तेव्हा दादा भूकंपानंतर पहिल्यांदाच माळवदाखाली, सोप्यात, खांबाला पाठ टेकवून बसला. साधारण अर्धा तास. वर पाहत नव्हता. मी काही विचारले नाही आणि तोही काही बोलला नाही. अंधार पडायच्या आत उठून त्याच्या घरी गेला.

तुमच्या घराला खण किती आहेत आणि तुळई खांबावर आहे की भिंतीवर, हे पाहून इथे लिहा. वाळवी किलचनांनाच आहे की तुळयांनाही, तेही लिहा, कारण खर्चाचा सगळा फरक तिथे पडतो. मृगाच्या आत कळवलेत, तर या वर्षीची माती टाकून होईल.