पौषात कॅमेरा रिकामा, म्हणून रणात जायचंय

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यात लग्नाचे फोटो काढतो. पौषात लग्नं नसतात, कॅमेरा महिनाभर कपाटात पडून राहतो. यंदा त्या दिवसांत कच्छच्या छोट्या रणात जाऊन थव्याने येणारे करकोचे आणि रोहित (फ्लेमिंगो) टिपायचा विचार आहे. माझ्याजवळ ७०-३००ची लेन्स आणि ड्रोन आहे. मोठी लेन्स नागपूरहून भाड्याने आणू का? किती दिवस लागतील, जायचं कसं? आणि हे करकोचे आपल्याकडे दिसतात का?
— एक वाचक, ता. दारव्हा

उत्तर : बाबू, तुला अहो-जाहो करत नाही, माझा धाकटा तुझ्याच वयाचा असेल. लेन्स भाड्याने आणू नको. ते पैसे जीपला लाव आणि एक मुक्काम वाढव. तीन रात्री तरी हव्यातच.

हे मी पैसे घालवून शिकलो. एसटीत कंडक्टर होतो. मुक्कामी गाडी अडाण धरणाकडच्या एका गावात असायची. पहाटे गाडी सुटायच्या आधी धरणाच्या काठी जाऊन उभं राहायचं, हा माझा पाखरांचा नाद तिथला. रिटायर झाल्यावर पहिला खर्च केला तो कॅमेऱ्याचा. "बाप्पा, एवढ्यात तं दुभती म्हैस आली असती," असं घरचं माणूस म्हणालं, ते खोटं नव्हतं. मग ओळखीच्याकडून हातभर लांब लेन्स मागून रणात गेलो. पहिल्या दिवशी सकाळी दहा ते चार सहाशे फोटो काढले. एकही धड नाही. जुन्या गाडीच्या तापलेल्या बॉनेटवरून पुढचा रस्ता कसा लहरताना दिसतो, तसं ते अख्खं रण ऊन चढलं की लहरतं. पाखरू जितकं लांब, तितकी मधली तापलेली हवा जास्त, आणि लांब लेन्स ती लहरही मोठी करून दाखवते. रोहितांचे पाय मेणबत्तीसारखे वितळलेले आले होते. थंडीच्या दिवसांतही हे होतं. तेव्हा फोटो सकाळच्या पहिल्या दोन तासांत आणि दिवस कलल्यावर. मधल्या वेळात जेव, झोप.

दुसरी चूकही माझीच. दुपारी लांबवर करड्या पाखरांची रांग दिसली, तर मी जीपवाल्याला म्हणालो, "गाडी दबाव!" त्यानं दबावली. सगळा थवा उठला आणि माझ्याजवळ नुसते शेपट्यांचे फोटो राहिले. थोड्या वेळाने एका मिठागरापाशी थांबलो. तिथल्या अगरियाने, म्हणजे मीठ पिकवणाऱ्याने, काळा चहा दिला, आणि माझी हकीकत ऐकून हसत एवढंच म्हणाला, "बेसो ने." बसा ना.

दुसऱ्या दिवशी बसलो. पाणथळीच्या अलीकडे मातीचा बांध होता, आपल्या धुऱ्याएवढाच. त्याला टेकून, अंगावर मातकट चादर घेऊन संध्याकाळी साडेपाचपासून. सव्वासहापर्यंत काहीच नाही, पायाला मुंग्या. मग आधी आवाज आला, ओल्या दोरावरून रहाट फिरावा तसा. पाखरं बऱ्याच वेळाने दिसली, उत्तरेकडून, एकामागे एक तिरक्या रांगा. डोक्यावर आल्यावर त्यांनी पंख ताणून धरले, पाय खाली सोडले आणि तरंगत उतरू लागली. कांड्या करकोचा म्हणतात तो हा. अंग राखाडी, मान काळी, डोळ्यामागून निघालेला पांढरा तुरा आणि छातीवरून लोंबणारी काळी पिसं. एक तर इतका जवळ उतरला की तुऱ्याचे केस वाऱ्यानं हलताना दिसत होते. लांब लेन्समध्ये त्याची नुसती मानच मावली. त्या संध्याकाळी तुझी ७०-३०० माझ्याजवळ असती तर!

ही पाखरं मंगोलिया, कझाकस्तानकडे विणीला असतात आणि हिवाळ्यापुरती हिमालय ओलांडून इकडे उतरतात. दिवसा आसपासच्या शेतांत दाणे टिपतात, रात्री उथळ पाण्यात उभी राहून झोपतात. म्हणून तुझी वेळ म्हणजे ती पाण्यावर परत येतात ती संध्याकाळ आणि निघतात ती पहाट. एक लक्षात ठेव, तिथे दिवस आपल्यापेक्षा जवळजवळ अर्धा तास उशिरा उगवतो. मी पहिल्या दिवशी आपल्या हिशेबाने उठून काळोखात कुडकुडत बसलो होतो.

आता तुझ्या धंद्याची गोष्ट. नवरदेवाचा पांढरा फेटा कॅमेऱ्याच्या मर्जीवर सोडला तर मळकट येतो, हे तुला सांगायला नको. मिठाची जमीन म्हणजे तोच फेटा, क्षितिजापर्यंत पसरलेला. एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप वर घे. पाखरू आभाळावर आलं की पुन्हा बघ, उडत्याला शटर हजाराच्या वर. खारी धूळ बारीक असते, लेन्स उघड्यावर बदलू नको.

ड्रोन मात्र घरी ठेव. छोटं रण अभयारण्य आहे, तिथे परवानगीशिवाय उडवता येत नाही. आणि येत असता तरी मी नाहीच म्हटलं असतं. वर घरघरणारी वस्तू पाखराला गरुडाहून वेगळी वाटत नाही, आणि उतरलेला थवा एकदा उठला की तुझी संध्याकाळ गेली.

रोहित दोन जातींचे दिसतील. मोठ्याची चोच गुलाबी, टोक काळं. छोट्याची जवळजवळ सगळीच गडद. ते चिखलापलीकडे असतात. तिथे तुझी लेन्स अपुरी पडेल, हे खरं. पडू दे, जवळ जायला चिखलात शिरू नको. पावसाळ्यात नद्यांचं आणि खाडीचं पाणी रणात भरतं, आणि ते आटलं तरी वरची खपली फसवी असते. आपल्या धरणाच्या गाळपेरीत बैल रुततो ना, तशी जीप रुतते. स्थानिक जीपवाला सोडून स्वतःच्या गाडीने आत शिरू नको.

जायचं असं : बडनेरा किंवा अकोल्याहून हावडा-अहमदाबाद मार्गाची गाडी. आपली शकुंतला, ती बंद पडलेली छोटी रेल्वे, असती तर दारव्ह्याहूनच मूर्तिजापूर गाठलं असतंस, जाऊ दे. पोरबंदरकडे जाणारी गाडी मिळाली तर थेट विरमगामला उतर, तिथून दसाडा, झैनाबाद, बजाणा ही गावं जवळ. अभयारण्य रानगाढवांचं आहे, तिकडे त्याला घुडखर म्हणतात. २०२४च्या गणनेत गुजरातभर ७,६७२ भरली, तेव्हा ती तुला दिसतीलच. प्रवेशाची आणि कॅमेऱ्याची फी वेगळी असते. ओळखपत्र जवळ ठेव. चौदा-पंधरा जानेवारी टाळ. उत्तरायणात सगळं गुजरात गच्चीवर असतं, आणि मांजाने कापलेली पाखरं बघून तुझा हुरूप जाईल.

राहिला शेवटचा प्रश्न. हो, कांड्या करकोचे आपल्याकडच्या धरणांवरही कधीमधी उतरतात. बगळा समजून सोडू नको. बगळा मान मुडपून उडतो, करकोचा सरळ ताणून. गाडीचं तिकीट मिळेपर्यंत एक-दोन संध्याकाळी अडाणच्या काठी नुसता बसून बघ, कॅमेरा पिशवीत ठेवून. अर्धा तास न हलता जमलं नाही, तर रणात चौथी रात्र धर.