विषारी नाकतोडा: चढणारे विष आणि बाधणारे विष

‘पोइकिलोसेरस ही विषारी, शाकाहारी नाकतोड्यांची प्रजाती आहे’ हे वाक्य उद्धृत करून एका वाचकाने विचारले आहे की, जो किडा डसत नाही, नांगीही मारत नाही, त्याला ‘विषारी’ म्हणणे योग्य आहे का. ‘विषयुक्त’ म्हणू नये का?

माझ्या मते ‘विषारी’ हाच शब्द योग्य आहे. आपण साप विषारी म्हणतो तसे धोतऱ्याचे फळही विषारी म्हणतो, आणि तरीही आपली गल्लत होत नाही, कारण मराठीत हा फरक विशेषणातून नव्हे, तर क्रियापदातून व्यक्त होतो. दंशाचे विष ‘चढते’ आणि उपचाराने ‘उतरते’; पोटात गेलेले विष ‘बाधते’, म्हणून शिळ्या अन्नाने होते ती विषबाधा. ‘विषयुक्त’ म्हटले की कोणीतरी बाहेरून विष कालवले आहे असे वाटते, आणि ‘विषधर’ तर सापासाठीच रूढ आहे.

या नाकतोड्याचे विष बाधणारे आहे. त्याचे आवडते खाद्य म्हणजे रुईची पाने, आणि रुईच्या चिकात हृदयाच्या स्नायूंवर परिणाम करणारी द्रव्ये असतात. ती पानांबरोबर किड्याच्या अंगात जातात आणि तेथे साठून राहतात. या प्रजातीतील बुफोनियस या जातीत ती असल्याचे 1967 साली कीटकशास्त्रज्ञ मिरियम रॉथ्सचाइल्ड, रसायनशास्त्रज्ञ ताडेउश राइखश्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. म्हणजे विष उसने, झाडाकडून घेतलेले. त्याचे अर्धवट वाढलेले पिल्लू चिमटीत धरावे, तर त्याच्या अंगातून कडवट, चिकट द्रवाची चिळकांडी उडते. येथे विष चढतही नाही आणि लगेच बाधतही नाही, ते ‘उडते’. म्हणून ‘विषारी’ एवढ्यावर न थांबता ‘धरल्यास विषारी द्रव उडवणारा आणि खाणाऱ्याला बाधणारा’ असे लिहिले, तर वाचकाच्या मनात शंका उरणार नाही.

मूळ वाक्यातला ‘शाकाहारी’ मात्र मला खटकतो. शाकाहार आणि मांसाहार यांत निवडीचा भाव आहे. किड्यासाठी ‘वनस्पतिभक्षी’ बरा. ‘तृणभक्षी’ लिहू नये, कारण रुई हे तृण नव्हे. ‘टोळ’ही टाळावा, त्याने टोळधाड डोळ्यांपुढे येते.

प्रजातीचे नाव ग्रीक आहे: ‘पोइकिलोस’ म्हणजे चित्रविचित्र रंगांचा आणि ‘केरास’ म्हणजे शिंग. येथे शिंग म्हणजे डोक्यावरची स्पर्शेंद्रिये, ज्यांना आपणही ‘शृंगिका’ म्हणतो. दोन्ही भाषांना त्या अवयवात शिंगच दिसले, याचा मला मनापासून आनंद वाटतो. त्यावरून ‘चित्रशृंगी’ असा शब्द घडवता येईल, परंतु सर्वसामान्य वाचकांसाठी लिहिताना मी ‘रुईवरचा नाकतोडा’ असेच लिहीन.