बॅटरी नंतर, आधी ब्रेक

दुरुस्त करून चालवायला जुनी इलेक्ट्रिक गाडी दारात आली, अभिनंदन! आता लगेच नवी बॅटरी आणायला धावू नका. बहुतेक नवखे इथेच पैसे घालवतात. बाकीचं काम होईपर्यंत नवी बॅटरी पडून खराब होते.

- वायर सोडवण्याआधी फोटो काढा, चिठ्ठ्या लावा.
- अंगठी, घड्याळ काढा. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा. बॅटरीच्या दोन टोकांवर पाना पडला की शॉर्ट सर्किट, संपलंच.
- मोटरचे कार्बन ब्रश (फिरत्या भागाला वीज पोचवणारे तुकडे) झिजलेत का बघा, कम्युटेटरवरची (ब्रश ज्यावर घासतात त्या तांब्याच्या भागावरची) काजळी पुसा. मग मोटर घट्ट आवळून १२ व्होल्टवर फिरवा. (माझी न आवळलेली मोटर टेबलावरून खाली गेली होती.) सिरीज मोटर (जिच्या आतल्या गुंडाळ्या एकामागोमाग जोडलेल्या असतात) मोकळी, म्हणजे तिच्यावर ओझं नसताना पूर्ण व्होल्टेज कधीच देऊ नका, वेग आवरत नाही, आर्मेचर (आतला फिरणारा भाग) फुटतं.

ब्रेक मात्र सगळ्यात आधी. रंग, कंट्रोलर (मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा भाग), लिथियम बॅटरी यांचं नंतर बोलू.